कपांखालची पट्टी

असलमभाईंनी कप उपडा केला आणि बुडाला चिकटलेल्या पांढऱ्या कागदी पट्टीत नख घातलं.

"जपून," कामिनी म्हणाली.

"ताई, छाप पाहिल्याशिवाय मी काय सांगू? कपाचं आधार कार्ड खालीच असतं."

पट्टी निघेना. कामिनीने घड्याळाकडे पाहिलं. काल धुळ्यात दोन दुकानं झाली होती. एकाने हसून परत पाठवलं, दुसऱ्याने चहाच्या सेटऐवजी खोक्याचीच चौकशी केली. आज ते खोकं मांडीवर घेऊन ती एसटीने जळगावला आली होती. जुन्या वस्तूंचं हे दुकान शेवटचं, असं तिने ठरवलं होतं.

आईला जाऊन दीड महिना झाला होता. बाकी सगळं न बोलता वाटलं गेलं. या सेटवर मात्र पुण्याचा भाऊ भूपेंद्र अडला. असाच एक सेट त्याने मोबाइलवर लाखाला पाहिला होता. "अक्का, अस्सल असला तर विकू. नसला तर तू ठेव," एवढंच तो म्हणाला होता.

तिला सेट हवा होता. तो नकली निघायला हवा, हे मात्र तिला म्हणवत नव्हतं. आईच्या मामांनी जहाजावरून आणलेल्या या कपांना आत्या आयुष्यभर जत्रेतला माल म्हणत आल्या होत्या. आई दर दिवाळीला ते धुऊन परत कपाटात ठेवायची. त्यातून चहा कधी कोणाला मिळाला नाही.

असलमभाईंनी कपाच्या कडेवर टिचकी मारली. बारीक आवाज बराच वेळ टिकला. मग भिंग घेऊन ते नक्षीवर वाकले.

"ठिपके नाहीत. छापील नाही, हातचं काम आहे." त्यांनी कप दिव्यासमोर धरला. आत घातलेली बोटं बाहेरून दिसली. "माल जपानीच. सत्तर वर्षं तरी झाली असतील."

कामिनीने मान हलवली. आत्यांपैकी आता एकच हयात होती, आणि तिला काही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात पट्टी सुटली. असलमभाई बुडाकडे पाहत राहिले.

"हे काय केलं, ताई? कोणी शहाण्याने?"

जपानी छापाच्या बरोब्बर मधून भांड्यांवर नावं घालायचं मशीन फिरलं होतं. लाल शाईचे चारदोन फराटे तेवढे उरले होते. असलमभाईंनी मोठ्याने वाचलं, "मोहिनी. दोन हजार अकरा." मग दुसरा कप, तिसरा, किटली. सगळीकडे तेच. "आता घेणारा कोणी नाही. पातेलं समजले का याला? मोहिनी कोण, तुम्ही?"

"भावाची बायको."

दोन हजार अकराला भूपेंद्रचं लग्न झालं. वर्षभरात तो आणि मोहिनी वेगळे राहायला पुण्याला गेले. शेवटची तीन वर्षं आईला उठवणं, भरवणं, पुसणं कामिनीकडे होतं, आणि त्या सगळ्या काळात हे नाव कपाटात होतं. आई एका शब्दाने बोलली नव्हती. कामिनीने ती सोललेली पट्टी उचलून टेबलावर आपटल्यासारखी ठेवली. ती बोटालाच चिकटली.

झटकताना तिचं लक्ष गेलं. पट्टी अजून पांढरीशुभ्र होती; नावाइतकी जुनी नव्हती. कडा छोट्या कात्रीने गोल कापल्या होत्या, वाकड्यातिकड्या, हात थरथरत असल्यासारख्या.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या पाठीवरची जखम बांधायला आणलेला कागदी चिकटपट्टीचा अख्खा रोल तीन दिवसांत संपला होता. कामिनी सुमनबाईंवर घसरली होती. कामिनी कामावर असताना त्या आईजवळ असायच्या. "घरी नेता की काय?" असंही ती बोलून गेली होती. सुमनबाई चादर बदलत राहिल्या. आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. कपाटापर्यंत जाणं तिच्याच्याने होत नव्हतं. कप कोणीतरी एकेक करून तिच्या हातात दिले असणार.

"मशीनवर घासून देऊ का?" असलमभाई जरा नरमले होते. "नाव जाईल. छाप तसाही गेलाच आहे."

"नको."

फोन वाजला. भूपेंद्रच होता.

"काय म्हणतो तो, अक्का?"

"अस्सल आहे. पण विकला जाणार नाही. छापावर नावं घातलीत मशीनने."

"आपली आई म्हणजे..." तो हसला, मग थांबला. "कोणाची नावं?"

कामिनीने कप दिव्याखाली तिरपा केला. अक्षरं स्वच्छ होती.

"पुसट झालीत," ती म्हणाली. "वाचता येत नाहीत."

असलमभाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वर्तमानपत्राचं पान ओढून पहिला कप गुंडाळायला घेतला.