चाकाखालचा दगड

भागीत बैल घेऊ नये, भागीत विहीर काढू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. फटफटीबद्दल ती काही बोलली नाहीत, कारण त्यांच्या वेळी फटफटी नव्हती. तिथंच हिंदुराव आणि चनबसप्पा फसले.

दोघं सोलापुरात एकाच गिरणीत कामाला आणि एकाच चाळीत शेजारी. हिंदुराव मोहोळकडचा, मागावर काम करणारा; त्याची पहिली पाळी, सकाळी सात ते दुपारी साडेतीन. चनबसप्पा दुधनीचा, सुताला खळ लावायच्या खात्यात. त्याची दुसरी पाळी, साडेतीन ते रात्री बारा. एका ठेकेदाराची जुनी फटफटी दोघांनी मिळून घेतली. वाटणी अशी ठरली, की सकाळी हिंदुरावनं ती गिरणीवर न्यायची आणि तिथंच ठेवून दुपारी पायी घरी यायचं. चनबसप्पानं दुपारी पायी जायचं आणि रात्री तिच्यावर बसून परत यायचं. म्हणजे जातानाची एकाची आणि येतानाची दुसऱ्याची. अख्खी चाळ हसली. हसणाऱ्यांच्या दारात सायकलसुद्धा नव्हती, त्यांचं काय मनावर घ्यायचं!

पण भांडण पेटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. गाडी उभी करताना गिअरात ठेवायची की न्यूट्रलला?

चाळ होती उतारावर. चनबसप्पा गाडी बंद केली की पहिला गिअर टाकून लावायचा, म्हणजे ती जागची हलत नाही. त्याचंही खरं होतं. लहानपणी दुधनीच्या बाजारात शेंगांच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी कुणीतरी चाकाखाली दगड न लावता सोडली. ती घरंगळली आणि त्याच्या काकाच्या पायावरून गेली. काका जन्मभर लंगडत राहिला. तेव्हापासून थांबलेल्या चाकावर चनबसप्पाचा विश्वास म्हणून उरला नाही.

हिंदुरावचं उलटं. त्याचा जन्म मागावर गेला. माग दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर पट्टा मोकळ्या चाकावर सरकवून, माग थांबवून द्यायचा, ही तिथली रीत. नाहीतर पुढचा माणूस बेसावधपणे हात घालतो आणि बोटं जातात. आणि ही फटफटी गिअरात असताना किक मारली की अंगावर पाणी टाकलेल्या रेड्यासारखी उडी घ्यायची. पहिल्या महिन्यात हिंदुराव तीनदा पडला. मग त्याच्या पायाला सवयच लागली. सकाळी गाडीवर बसलं की पायाच्या बोटानं गिअरचा दांडा एकदा वर उचलायचा, न्यूट्रल करायचं, मग किक. बघायचं नाही, विचार करायचा नाही. तीन वर्षं असंच चाललं होतं.

दुपारी साडेतीनला भोंगा झाला की गिरणीच्या गेटवर दोघांची गाठ पडायची. एक बाहेर निघालेला, एक आत चाललेला. मध्ये किल्ली.

"आज बी गिअरातच हुती."

"असणारच की."

"माणसाचं टकुरं फुटलं म्हंजे?"

"आन् उताराला घरंगळली म्हंजे? यप्पा, लई शाणा तू!"

झालं. इतकंच. किल्ली या हातातून त्या हातात जायची आणि दोघं दोन दिशेला.

आता खरं सांगायचं तर या भांडणाशिवाय हिंदुरावच्या दिवसात दुसरं बोलणं नव्हतंच. मागांच्या खडखडाटात माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही, तिथं बोलणार कोण? घरी यावं तर बायको वच्छला बहात्तरच्या दुष्काळात तापानं गेलेली. लेक सांगोल्याला दिलेली. ती दिवाळीला यायची आणि भाऊबीजेआधीच निघायची. स्टोव्ह पेटवायचा, भाकरी थापायची, शेजारून चंद्रव्वानं, म्हणजे चनबसप्पाच्या बायकोनं, दिलेल्या शेंगाच्या चटणीबरोबर ती खायची आणि अंग टाकायचं. झोप मात्र यायची नाही. रात्री चनबसप्पा गाडी लावून हिंदुरावच्या दाराच्या कडीला किल्ली अडकवायचा. कडी एकदा खळ्ळ वाजायची. ती वाजली, की मग हिंदुरावचा डोळा लागायचा. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

त्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याची जत्रा झाली आणि चनबसप्पाचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, गिरणीची हवा सोड, नाहीतर छाती साथ देणार नाही. दुधनीचा भाऊ म्हणाला, ये, दोन घास आहेत. बुधवारी गेटवर चनबसप्पानं सांगितलं, "सोमवारच्या गाडीनं जातो आमी. फटफटी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. गावात मला काय करायची?"

जाऊ नको म्हणावं, निदान मी एकटा काय करू एवढं तरी म्हणावं, असं हिंदुरावच्या आतून आलं. पण या माणसाच्या तोंडाला चांगलं बोलायची सवय असेल तर ना! तो म्हणाला, "बरं हुईल. एकदाची गाडी तरी न्यूटलला ऱ्हाईल."

चनबसप्पा हसला. तेही हिंदुरावला लागलं. हसतो काय हा? याला जायचं काहीच वाटत नाही?

शुक्रवारी त्याचा तोल पार सुटला. सकाळी गाडी नेहमीसारखी गिअरात होती, पायानं नेहमीसारखी ती सोडवली, काही झालं नव्हतं. तरी गेटवर चार माणसांदेखत तो ओरडला, "तुझ्यासंगं भागी केली हीच माझी चूक झाली बघ! जातोस तर जा लवकर. सुटंल माझी पीडा!"

चनबसप्पा उत्तर देईल म्हणून तो थांबला. चनबसप्पा खोकला, तोंड पुसलं, "व्हय की," म्हणाला आणि किल्ली घेऊन आत गेला.

हिंदुराव पायी घरी आला तो स्वतःला शिव्या देत. वाटेत त्यानं ठरवलं, रविवारी सुट्टी आहे, दोघांना जेवायला बोलवायचं. गूळ घेतला, हरभऱ्याची डाळ घेतली. पुरण जमेल न जमेल, चंद्रव्वा सांगेल तसं करू. आणि जेवण झालं की सरळ सांगायचं, चनबसप्पा, तू गेलास की मला कुणी न्हाय. एकदाच सांगायचं. मग जाईना का.

त्या रात्री कडी वाजली. आणि थांबून पुन्हा एकदा वाजली.

हिंदुराव जागाच होता. दाराबाहेर खोकला ऐकू येत होता. उठावं, दार उघडावं, असं त्याला फार वाटलं. पण दुपारचे ते शब्द आड आले. कोणत्या तोंडानं दार उघडायचं? रविवार आहे की, असं म्हणून तो कुशीवर वळला. जरा वेळानं खोकला लांब गेला.

सकाळी कडीची किल्ली काढली, गाडीवर बसला. बोटानं दांडा वर उचलला आणि किक मारली.

गाडीनं जी उडी घेतली! पुढचं चाक कशावर तरी आदळलं, बाजूचा स्टँड मिटला आणि हिंदुराव गाडीसकट समोरच्या मायाक्काच्या पाण्याच्या घागरींवर जाऊन पडला. पाणी, पितळ, माणूस, सगळं उतारानं वाहायला लागलं.

"चन्याऽ!" कोपर धरून तो उठला आणि बंद दारासमोर गरजला. "आरं सोमवारी जाणार हाईस, तवर जिता तरी ठेव की मला! भाईर ये! ये भाईर!"

"कुणाला बोलावतोस?" मायाक्का घागरी गोळा करत म्हणाली. ती एकटी म्हातारी, चाळीत सगळ्यांच्या आधी उठणारी. "गेली की ती दोघं पहाटंच. भावाचा ट्रक आला हुता आडतीवर माल घिऊन. रिकामा चाललाय म्हणून सामान टाकलं आन् गेली."

हिंदुरावनं दाराकडं पाहिलं. बाहेरून कुलूप होतं.

"तुझं दार दोनदा वाजवलं म्हणला. झोपला असंल, उठवत न्हाय म्हणला. जाताना परत गाडीपाशी वाकला. मला म्हणला, मायाक्का, हिंदुरावला सांग, आज त्याच्या मनासारखी लावलीया. न्यूटलला. आन् मला काय ठावं तू एवढ्या लवकर उठून उरावर पडशील!"

हिंदुरावला एकदम कळलं. गाडी न्यूट्रललाच होती. तीन वर्षांच्या सवयीनं त्याच्याच पायानं ती गिअरात टाकली होती.

त्यानं खाली पाहिलं. पुढचं चाक जिथं होतं, तिथं एक दगड होता. काळा, चांगला वीतभर. चाकाला नीट बसेल अशी बाजू निवडून लावलेला. गाडी त्याच्या मनासारखी लावली होती खरी, पण उतारावर तशीच सोडून जायला चनबसप्पाचा जीव धजला नव्हता.

दगडाजवळ हिंदुराव उकिडवा बसला. कोपरातून रक्त येत होतं. कामावर जायचा भोंगा झाला, तरी तो उठला नाही. मायाक्का म्हणाली, "लागलं का रं लई?" तो रडत होता, आणि पन्नाशीचा माणूस भर चाळीत रडतो म्हणजे काय, याचीही त्याला त्या घडीला लाज वाटली नाही.

पाळी अर्धी बुडाली. दुपारी तो तीन वर्षांत पहिल्यांदाच गिरणीवरून गाडीवर बसून घरी आला. गेटवर थांबायचं कारण नव्हतं, किल्ली खिशातच होती. रविवार आला आणि गेला. डाळ डब्यातच राहिली. रात्री किल्ली उशाशी असायची, कडी वाजायची नाही, आणि हिंदुराव आढ्याकडं बघत पडून राहायचा.

सोमवारी संध्याकाळी त्यानं दगड आत नेऊन उंबऱ्याशी ठेवला. गाडीपाशी आला. न्यूट्रलला होती ती, मोकळ्या चाकावर, रीतीप्रमाणे. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, दांडा दाबला आणि पहिला गिअर टाकला. किल्ली बाहेरून कडीला अडकवली. कडी खळ्ळ वाजली. मग तो आत जाऊन झोपला.

मंगळवारी सकाळी त्यानं किल्ली काढली, गाडीवर बसला, बोटानं दांडा वर उचलला. गाडी गिअरातून सुटली. आणि तो कुलूप लावलेल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला,

"आज बी गिअरात! कितीदा सांगायचं रं तुला?"

मायाक्का घागर घेऊन दारात आली होती. ती थबकली. हिंदुरावची मान खाली गेली.

म्हातारीनं घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली आणि त्याच बंद दाराकडं बघत म्हणाली,

"त्यो सुदरायचा न्हाय. तू जा, उशीर हुतोय."