आत्या विसरली

बसस्थानकाच्या कोपऱ्यात हरवल्या-सापडल्याची एक खिडकी होती आणि त्या खिडकीच्या आत गेली बावीस वर्षं आत्या बसत होती. लोक बसमध्ये काय काय विसरतात ते आत्याला विचारा. छत्र्या तर सोडाच, त्यांना कोण विचारतो! पण कवळी, एकाच पायाचा बूट, लग्नाचा अल्बम, आणि एकदा तर झाकण लावलेला कुकर, आतला भात अजून गरम. आत्या प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, वर तारीख घालायची आणि मालक आला की चिठ्ठी न वाचताच वस्तू काढून त्याच्यासमोर ठेवायची. तिच्या हातून आजवर काही गहाळ झालं नव्हतं, ती काही विसरली नव्हती. हे ती आपण होऊन सांगायची नाही, पण दुसरं कुणी सांगू लागलं तर अडवायचीही नाही.

तर अशा बाईची भाची हरवली. आता बोला!

भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बुटकी, गोल चेहऱ्याची, कानापर्यंत कापलेले केस. घरात सगळे तिला गोटी म्हणायचे. शाळेत असल्यापासून सुट्टी लागली की गोटी आत्याकडे, हे ठरलेलं. आत्यानं लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांत एकटीच राहायची. वर्षाचे अकरा महिने ती नोकरी करायची आणि बारावा महिना जगायची म्हणा ना. यंदा मात्र गोटीचा गणिताचा पेपर राहिला होता आणि वहिनीनं सुट्टीतल्या क्लासचं टुमणं लावलं होतं. शेवटी भावानं फोन केला. "ताई, तुझ्या भरवशावर पाठवतोय. रोज चार तास अभ्यास. जरा इकडचं तिकडे झालं ना, तर ही तिची तुझ्याकडची शेवटची सुट्टी. आधीच सांगून ठेवतो."

"अरे, बावीस वर्षं लोकांची गाठोडी सांभाळतेय मी," आत्या म्हणाली. "घरची पोर सांभाळता येणार नाही होय?"

चौथ्या दिवशी सकाळी आठला गोटीचा फोन वाजला, तो उशीखाली. बाप रोज आठला फोन करायचा. गोटी नव्हती. आत्यानं न्हाणीघरात पाहिलं, गच्चीत पाहिलं, मग फोन उचलला.

"गोटीला दे."

"ती... इथेच असेल रे कुठेतरी."

"असेल म्हणजे?"

खोटं बोलायची सवयच नाही हो बाईला! "माहीत नाही," ती म्हणाली. "चपला नाहीयेत तिच्या."

"माहीत नाही? ताई, तुला माहीत नाही?" पलीकडून एवढा आवाज चढला की आत्यानं फोन कानापासून लांब धरला. "मी निघालो," असं म्हणून भावानं फोन आपटला. चार तासांचा रस्ता होता.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच खाली आली आणि तिथे तिनं दिवसातली मोठी चूक केली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, "आमची गोटी दिसली का हो?"

झालं. किराणावाल्यानं साखर तोलता तोलता शिंप्याला सांगितलं, शिंप्यानं मापं घेता घेता सगळ्या गिऱ्हाइकांना. साडेआठपर्यंत ती 'सकाळपासून दिसत नव्हती', नवापर्यंत 'रात्रीपासून', आणि दहापर्यंत तिला मोटारसायकलवर बसून जाताना तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मोटारसायकल एकाची लाल, एकाची काळी, आणि तिसऱ्याचं म्हणणं की मोटारसायकल नव्हतीच, जीप होती. नापास झाली म्हणून पळाली असं एकजण म्हणाला. छे हो, हुशार होती, परदेशात नोकरी लागली असणार, असं दुसरा. वेण्या घालणारी, उंच, डॉक्टरकीला असलेली अशी एक मुलगी दुपारपर्यंत गल्लीनं मिळून तयार केली, आणि मग त्या मुलीसाठी सगळे मनापासून हळहळले.

आत्याच्या स्वतःच्या फोनवर संदेश आला, 'ही मुलगी हरवली आहे, पुढे पाठवा.' सोबत फोटो. भलत्याच कुणाचा! आत्यानं लिहिलं, 'ही ती नव्हे.' लगेच उत्तर आलं, 'काकू, कृपया अफवा पसरवू नका.'

एरवी या गोष्टीवर आत्या आठवडाभर हसली असती. पण आज ती गावभर धावत सुटली. वाचनालय झालं, तलाव झाला, बसस्थानकही झालं. पहाटेच्या एकेका बसच्या कंडक्टरला तिनं गाठून विचारलं. तिच्या खिडकीसमोर एरवी चिटपाखरू नसायचं, आज तिथे रांग होती. कुणाचं काही हरवलेलं नव्हतं, नुसते बघायला आलेले. एक गृहस्थ तर म्हणाले, "जगाच्या वस्तूंना चिठ्ठ्या बांधता बाई, घरच्या पोरीला बांधायची राहिली वाटतं." आत्या मागच्या जिन्यात जाऊन बसली आणि ढसाढसा रडली. पोर कुठे असेल, कशी असेल, ही भीती तर होतीच. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या तळाशी आणखी एक भीती होती. पोर धडधाकट सापडली तरी भाऊ आता तिला परत पाठवायचा नाही.

एक वाजता ती चौकात आली. चौकात गादीवाल्याचं नवं दुकान उघडायचं होतं आणि दुकानावरच्या उंच भिंतीवर पेंटर जाहिरात रंगवत होता. उद्घाटनाआधी कुणी बघू नये म्हणून गादीवाल्यानं परांचीला, म्हणजे बांबूच्या माचाला, वरपासून ताडपत्री लावून घेतली होती. तिची छान सावली पडायची, म्हणून गल्लीतली सगळी चर्चा सकाळपासून तिथेच भरली होती. पोलीसही तिथेच वही उघडून उभा होता.

"उंची?" पोलिसानं विचारलं.

"चांगली उंच," किराणावाला म्हणाला.

"अहो, ती माझ्या खांद्याला..." आत्या म्हणेपर्यंत पोलिसानं लिहूनही टाकलं.

"केस?"

"कमरेपर्यंत!" दोघं-तिघं एकदम.

"कुणाची कोण तुम्ही?" पोलिसानं आत्याला विचारलं. "जरा बाजूला व्हा, या लोकांना बोलू द्या."

"अहो, मी तिची आत्या!"

हे ऐकून गर्दीला जणू राहिलेलं काम आठवलं. मुलीचं दुःख करून झालं होतं, आता कुणाला तरी धरायला हवं होतं. "हां, यांच्याकडेच होती," शिंपी गळ्यातली टेप सारखी करत म्हणाला. "खरं बोललं तर राग येतो, पण चूक यांचीच. तरणीताठी पोर कुणाच्या ताब्यात द्यायची, हे बापाला कळायला नको? ना लग्न, ना मूल. यांना काय कळणार पोरीबाळींचं? छत्र्या सांभाळणं वेगळं!"

दोघंजण हसले. सकाळपासून आत्या स्वतःशी तेच तर म्हणत होती. तिनं मान खाली घातली.

"ए शिंपीकाका! तोंड सांभाळून बोला!"

आवाज आभाळातून आला. सगळ्यांनी माना वर केल्या. ताडपत्री फाकली आणि त्यातून एक डोकं बाहेर आलं. वर वर्तमानपत्राची टोपी, नाकातोंडाला फडकं, कपाळावर निळा फराटा, हातात ब्रश.

"माझ्या आत्याला बोलायचं काम नाही!" डोकं ओरडलं. "एवढं असेल तर वर या, मग बघते!"

"गोटे!" आत्या किंचाळली. "मेले, तू वर काय करतेयस?"

गोटी सरसर खाली उतरली. आत्यानं आधी तिचा कान धरला, मग तोच कान सोडून तिला पोटाशी घेतलं, मग पुन्हा कान धरला. दोघीही निळ्या झाल्या. आत्याचा जीव भांड्यात पडला आणि गर्दीचा विरस झाला. आख्खी सकाळ मेहनत करून उभी केलेली उंच मुलगी एका क्षणात गेली आणि तिच्या जागी ही एवढीशी!

हकीकत साधी होती. गोटीला भिंतीवरच्या अक्षरांचं वेड. आदल्या दिवशी तिनं पेंटरच्या विनवण्या केल्या होत्या. आत्याला सांगितलं असतं तर आत्याला भावाशी खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून सांगितलं नाही. पहाटे सहाला यायचं, बाबांचा आठचा फोन यायच्या आत घरी, असा बेत. पण ब्रश हातात आल्यावर वेळेचं भान राहिलं नाही, आणि फोन उशीखाली.

"पण अगं, खाली सकाळपासून एवढा गोंधळ चाललाय, तुला ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं की! पण हरवलेली मुलगी उंच होती आत्या. लांब वेणी, डॉक्टर होणारी, जीपमधून गेलेली. मला इतकी काळजी लागली होती ना तिची! तुझा आवाज ऐकला तेव्हा कळलं, ती मीच."

"मलाही काय ठाऊक?" पेंटर माचावरूनच म्हणाला. "वर 'निवांत' लिहायचं होतं. शिरोरेषा एका दमात ओढावी लागते, मध्ये हात थांबला की सांधा दिसतो. खाली जग बुडालं तरी बघायचं नसतं. आता दिसणारच सांधा."

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. भाऊ आला होता. शर्टाची बटणं वरखाली, डोळे लाल. लेकीला पाहिलं आणि तो मटकन रंगाच्या डब्यावर बसला. दोन मिनिटं त्याला बोलताच येईना. पण गर्दीला येत होतं. आत्या हातची गेली म्हटल्यावर लोकांनी गोटीला धरलं. "लाडावलेली हो!" "आजकालच्या पोरींना आईबापाची किंमत नाही!" "मी तर म्हणतो, कॉलेजच बंद करा!" हे शेवटचं शिंपी.

भाऊ उठला. "गोटी, न सांगता बाहेर पडलीस तू?" आवाज इतका हळू होता की आत्याला धडकीच भरली. "बॅग भर. आत्ताच्या आत्ता. यापुढे घरातून..."

"मला सांगून गेली होती," आत्या म्हणाली.

"मीच जा म्हटलं तिला," आत्या म्हणाली. "काल रात्री विचारलं तिनं. मी हो म्हटलं."

"मग सकाळी मला 'माहीत नाही' म्हणालीस ते?"

"विसरले."

"विसरलीस?" भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "तू?"

"हो. गेलं डोक्यातून. वय झालं आता." आत्याची मान ताठ होती. सगळ्या चौकानं ते ऐकलं. उद्या खिडकीवर येणारा एकेक जण हेच ऐकवणार, हे तिला कळत होतं. बावीस वर्षांचं नाव पाण्यात घालवायला तिला एक शब्द पुरला होता, आणि तरी तिला हलकं वाटत होतं. सकाळभर सगळ्यांनी दिलेला दोष तिला पेलवला नव्हता. हा तिचा स्वतःचा होता.

भावानं वरखाली झालेली बटणं एकेक करून नीट लावली. मग म्हणाला, "अशी विसरायला लागलीस तर पुढच्या सुट्टीत हिला कुणाच्या भरवशावर पाठवू मी?"

एवढा विचार आत्यानं केलाच नव्हता. पोरीला वाचवायला गेली आणि पोरच हातातून निसटली.

"बाबा," गोटी म्हणाली. ती आत्याच्या पुढे येऊन उभी राहिली होती, हातातला ब्रश तसाच. "आत्या विसरतेय. एकटी राहते. गॅस चालू ठेवून गेली तर? हिला काय असं सोडून द्यायचं का? कुणीतरी लक्ष ठेवायला यायला नको? सुट्टी तर मलाच असते."

भावानं लेकीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दोघींच्या कपाळावर एकच निळा रंग, दोघींचे चेहरे एकदम साळसूद. त्याच्या ओठाचा कोपरा हलला. तो दाबायला गेला, पण जमलं नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनी! पलीकडून ती रडत होती, ते सगळ्यांना ऐकू आलं. भावानं घसा साफ केला.

"सापडली गं. अगदी धडधाकट आहे," तो म्हणाला. "हरवली नव्हतीच. ताईला सांगून गेली होती, ताई विसरली." मग बहिणीच्या डोळ्यांत बघत पुढे म्हणाला, "हो ना, मलाही काळजीच वाटतेय. मी म्हणतो, आता दर सुट्टीत गोटीला इथेच ठेवू. ताईकडे बघायला आपलं कुणीतरी हवंच."