टाळ्या वाजवणारा सात नंबर

मित्रांनो, मी तंत्रशाळेच्या वीज विभागातला सात नंबरचा जुना संगणक आहे. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमची-माझी मैत्री कसली? माझ्या कळांना चिकट बोटं लावणारे तुम्हीच आणि माउस बाकावर आपटणारेही तुम्हीच.

मी नवा होतो तेव्हा माझा थाट होता. मुलांना अभ्यासाची गोडी लागावी आणि परीक्षाही परस्पर उरकावी, म्हणून माझ्यात हलत्या-बोलत्या चित्रांचा एक कार्यक्रम भरला होता. उत्तर बरोबर आलं की मी टाळ्या वाजवायचो, चुकलं की भोंगा. सर खूश होते. पेपर तपासायचे वाचले, डुलकीची सोय झाली.

पण तो कार्यक्रम बनवणाऱ्यानं जन्मात बल्ब बदलला नसावा. जिच्यातून वीज येते ती फेजची तार, स्विच तिच्यावर हवा. त्या दीडशहाण्यानं चित्रात तो परतीच्या तारेवर बसवला. अशा जोडणीत बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. सहा वर्षं मी या चुकीला टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटायची, पण तोंड माझं आणि बोल दुसऱ्याचे.

मग एका वायरमनची मुलगी परीक्षेला बसली. तिनं स्विच फेजवर ठेवला. मी भोंगा वाजवला. तिनं तीनदा तेच केलं आणि मी तिला नापास केलं. प्रमाणपत्र नसेल तर तिची ठरलेली नोकरी जाणार होती.

"सर, चित्र चुकलंय," ती म्हणाली.

"सगळा वर्ग पास आणि तू एकटी शहाणी का? संगणक चुकत नसतो."

तिनं वाद घातला नाही. टेबलावरच्या लाकडी बोर्डवर तिनं माझ्या चित्राबरहुकूम तारा जोडल्या, वीज सोडून बल्ब पेटवला आणि मग स्विच बंद केला.

"सर, बल्ब विझलाय. आता तो काढा आणि होल्डरमध्ये बोट घाला. चूक माझी असेल तर काही होणार नाही."

सरांनी हात पुढे केला. मग तो हळूच मागे घेऊन खिशात घातला. म्हणजे गृहस्थाला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत होतो, त्या दिवशी मला त्यांची किळस आली.

"बस खाली," ते म्हणाले आणि पेनानं तिचे गुण दुरुस्त केले.

बाकीच्यांचे गुण मात्र तसेच राहिले. त्या सहा वर्षांत पास झालेली सगळी पोरं आज लोकांच्या घरी स्विच बसवत फिरताहेत. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण घरचा बल्ब बदलण्याआधी मेन स्विच बंद करा. तुमच्याकडचं काम कुणी केलंय, मला माहीत नाही.