मास्तरीण आणि खार

“कुणाला हाक मारलीस ना, तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही.”

कपडे बदलायच्या खोलीत खार जमिनीवर बसली होती. पाठ बाकाला टेकलेली, ओठ पांढरेफटक, कपाळावर घामाचे थेंब. बुटाची नाडी बांधायला ती वाकली होती, ती तशीच आडवी झाली होती. आता शुद्धीवर आल्या आल्या तिला पहिली काळजी लागली ती ही, की बाहेर कुणाला कळलं तर नाही ना. मास्तरीण तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून तिचे तळवे चोळत होती. बाहेर उन्हाने मैदान तापलं होतं आणि हिचे तळवे मात्र बर्फासारखे गार.

दोघींचीही ही खरी नावं नव्हेत, हे उघडच आहे. खार अंगाने लहानशी आणि पायांनी वाऱ्यासारखी. शाळेच्या रिले संघात शेवटचं धावणं तिचं. आणि मास्तरीण हे नाव खारीनेच ठेवलेलं. शाळेतल्या सिस्टरांनी, म्हणजे दवाखान्याच्या खोलीत बसणाऱ्या नर्सने, मोठ्या वर्गातल्या मुलामुलींचा एक गट काढला होता. या मुलांनी आपल्या बरोबरीच्यांशी आणि धाकट्यांशी बोलायचं: सिगारेट, वाफ ओढायच्या नळ्या, झोप, खाणंपिणं, नकोशा गोष्टीला नाही कसं म्हणायचं. “मी सांगितलं की तुम्ही माना डोलावता आणि विसरता,” सिस्टर म्हणायच्या, “तुमच्यातल्याच कुणी सांगितलं तर निदान भांडता तरी.” ही गटात सगळ्यांत आधी गेली, सगळ्यांत जास्त बोलायला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरीण होऊन बसली.

“सकाळी काय खाल्लंस?”

“खाल्लंय.”

“काय ते विचारतेय मी.”

“मास्तरीणबाई, तास संपलाय.”

मास्तरीणने पाण्याची बाटली काढायला तिच्या पिशवीत हात घातला, तर हाताला एक डबी लागली. वर एका बाईची बारीक कंबर आणि तिच्याभोवती मोजायची टेप.

“या कसल्या गोळ्या?”

“ताकदीच्या.”

“ताकदीच्या गोळ्यांवर टेप कशाला असते गं?”

खार हसली नाही. तिने डबी हिसकावून घेतली. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. धावणं शिकवणारे सर एकदा बोलता बोलता म्हणाले होते, अंग जितकं हलकं तितके पाय मोकळे. तेव्हापासून ती जेवण टाळत होती. गोळ्या वरच्या वर्गातल्या एकीने आणून दिल्या. “शनिवारी स्पर्धा आहे. शनिवारपर्यंतच. मग तू म्हणशील ते जेवीन, तुझ्यासमोर बसून जेवीन. पण आत्ता कुणाला सांगणार नाही, शब्द दे.”

आणि मास्तरीणने शब्द दिला. मैत्रीण अशी समोर थरथरत असताना दुसरं काय सुचणार?

संध्याकाळी ती तिला घरापर्यंत सोडायला गेली. खारीची आई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, चहूकडे चिंध्या आणि दोऱ्याची रिळं. काकू धावायची चड्डी पुढ्यात घेऊन शिवण उसवत बसल्या होत्या.

“बघ ना, परत कमरेत आत घेतेय,” काकू कौतुकाने म्हणाल्या. “उंच व्हायला लागल्या की पोरी अशा वाळतातच. मी तर हिच्या वयात काडी होते काडी.”

मास्तरीणने सांगायला तोंड उघडलं. दारात उभ्या असलेल्या खारीने तिच्याकडे असं पाहिलं, की ती “येते, काकू” एवढंच म्हणून निघाली.

घरी जेवताना ती भातात बोट फिरवत राहिली. बाबांनी विचारलं, “काय झालं? ताटात रांगोळी काढतेयस नुसती.” ती गणिताची चाचणी आहे म्हणाली. चाचणी नव्हतीच. खोटं इतकं सहज तोंडातून गेलं, की तिची तिलाच भीती वाटली. खारही आपल्या आईशी असंच बोलत असेल.

दुसऱ्या दिवशी तिचा सातवीच्या वर्गावर तास होता. विषय होता मैत्री आणि गुपितं. पाठ केलेलं ती घडाघडा बोलत गेली. मैत्रिणीचं गुपित पोटात ठेवावं, पण ते जिवाशी खेळणारं असेल तर भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगावं. मधल्या बाकावरची चष्मा लावलेली एक मुलगी उठली.

“पण ताई, मैत्रीण रागावली तर?”

“रागावेल थोडे दिवस.”

“आणि परत बोललीच नाही तर?”

याचंही उत्तर तयार होतं. खरी मैत्रीण समजून घेते, असं म्हणायचं. कितीतरी वर्गांत ती ते म्हणाली होती. आज ते म्हणण्याआधीच ती खिडकीकडे वळली. खाली मैदान दिसत होतं. संघाच्या मुली हातपाय मोकळे करत होत्या, आणि त्यांच्यात एकटीच खार कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभी होती.

“मला माहीत नाही,” मास्तरीण म्हणाली, आणि तास अर्धवट टाकून जिन्याकडे निघाली.

सिस्टर कुणाच्यातरी खरचटलेल्या गुडघ्यावर पट्टी लावत होत्या. तो मुलगा लंगडत जाईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“सिस्टर, एक मुलगी आहे. जेवत नाही. काल चक्कर येऊन पडली. गोळ्या घेते.”

“कोण?”

“नाव सांगायलाच हवं का?”

“नाव नसलेल्या मुलीची नाडी कशी बघू मी?”

तिने नाव सांगितलं. सिस्टरांनी हात पुसले. “तिला मी सांगू की तू सांगणार?”

“मी सांगते. पण तुम्ही लगेच या.”

मैदानात जाऊन तिने खारीला बाजूला घेतलं. वाटलं होतं, ही किंचाळेल, निदान ढकलून तरी देईल. खारीने फक्त ऐकून घेतलं.

“शनिवारपर्यंत थांबता आलं नाही तुला,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता.

सिस्टरांनी नाडीवर बोटं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. त्यांचा चेहरा बदलला. त्याच दुपारी खारीला इस्पितळात ठेवलं. रक्तातले क्षार खूप उतरले होते, हृदयाचा ठोका मधेच चुकत होता. “शनिवारी ही धावली असती तर,” एवढंच डॉक्टर काकूंना म्हणाले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि काकूंनी करायला लावलं नाही.

संघ हरला. संघातल्या मुली मास्तरीण दिसली की बोलणं थांबवायच्या. एकीने ऐकू येईल असं म्हटलं, “हिला काही सांगू नका, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.” धावणं शिकवणारे सर सिस्टरांच्या खोलीत बराच वेळ दार लावून बसले होते, बाहेर आले तेव्हा मास्तरीणच्या समोरून गेले, पण नजर वर केली नाही.

ती इस्पितळात गेली तेव्हा खारीने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मास्तरीण आणलेली केळी उशाशी ठेवून बाहेर आली. मागोमाग काकू आल्या. आता या रागावणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली.

“मी रोज तिला टेप लावत होते गं,” काकू आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या. “परक्या बायकांची मापं डोळ्यांनी ओळखते मी. हिचं माझ्या हाताला कळू नये?”

तिने काकूंचा हात धरला आणि दोघी तशाच व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

“मला नाही जमणार यापुढे,” तिने सिस्टरांना सांगून टाकलं. त्या “बरं” म्हणाल्या. समजूत घालतील असं वाटलं होतं, त्यांनी घातली नाही. दोन आठवडे ती गटात गेली नाही. मग एका दुपारी आपणहून जाऊन मागे बसली. पुन्हा वर्गांवर जायला लागली, पण खऱ्या मैत्रिणीबद्दलचं ते वाक्य तिने कायमचं गाळलं.

खार परत आली ती सुट्टीनंतर. गालांवर जरा रंग होता, पण धावायला अजून बंदीच होती. वर्गात ती मास्तरीणशेजारची जागा सोडून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. मास्तरीण दिसली तर मान वळवायची नाही, पण थांबायचीही नाही.

मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये खार खिडकीजवळच्या टेबलाशी एकटी बसली. तिने डबा उघडला, चमचा भरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आजूबाजूची कुजबुज थांबली. कुणी उघड, कुणी तिरक्या नजरेने, सगळेच बघू लागले, की ही खाते का. खारीचे कान लाल झाले. क्षणभर तिची आणि मास्तरीणची नजरानजर झाली.

मास्तरीणला वाटलं, उठावं, जाऊन तिच्याशेजारी बसावं. ती उठलीही. मग तिने आपली खुर्ची फिरवली, खारीकडे पाठ करून बसली, आणि एकदम मोठ्या आवाजात काहीतरी सांगायला लागली. भूगोलाच्या बाई नकाशाची सुरळी काखेत घेऊन चुकून मुलांच्या बाथरूममध्ये कशा शिरल्या, आत मुलं कशी दडून बसली. अर्धं खरं, अर्धं मनाने घातलेलं. एकेक मान तिच्याकडे वळली. कुणीतरी हसलं. मागून डब्याच्या पत्र्याला चमचा लागल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने आणखी एकदा आला. मास्तरीणने मागे पाहिलं नाही. गोष्ट केव्हाच संपली होती, तरी ती बोलत राहिली.