भिंतीकडे तोंड

"अवो, त्या पोरीच्या पत्राचं काय केलं?" पार्वतीनं पुन्हा विचारलं. "उभा जन्म वाचनालयात काढला, आन् चार ओळी लिव्हनं होईना तुमाला?"

पत्र येऊन बरेच महिने झाले होते. वर्षाराणीनं एवढंच लिहिलं होतं: 'काका, त्या दुपारी अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं, ते शेवटपर्यंत वळवलं नाही. माझ्यावर रागावून गेले का? तुम्ही शेजारी होतात, म्हणून विचारते.'

लातूरच्या एका दवाखान्यात आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. माझा पाय प्लास्टरमध्ये होता. पलीकडे तिचे वडील, देगलूरचे बसलिंगप्पा. पिठाची गिरणी चालवायचे. त्यांचं काळीज थकलं होतं. डॉक्टरांनी वर्षाराणीला बाहेर नेऊन काय ते सांगितलं होतं. ती नांदेडला खोलीवर राहून एका कंपनीसाठी कोड लिहायची. निरोप आला तशी निघाली. लॅपटॉप खोलीवरच राहिला. पिशवीत जुना टॅबलेट तेवढा होता.

त्या दुपारी तिचा फोन वाजला. बिलांचं कसलंसं काम तिच्या कोडपाशी अडलं होतं.

"सर, वडील ॲडमिट आहेत... हो सर. चारपर्यंत देते."

फोन ठेवून ती म्हणाली, "अप्पा, जरा काम करून घेऊ? न्हाई केलं तर काढून टाकतील. मागच्या महिन्यात दोघांना काढलं."

"कर की. मी कुठं पळून चाललो?"

रेंज खिडकीशी होती, म्हणून ती आमच्याकडे पाठ करून तिथं बसली. टॅबलेटची बॅटरी गेलेली. वायर निघाली की तो बंद पडे आणि लिहिलेलं जाई. एक्स्टेन्शनची पिन अप्पांच्या उशाशी, भिंतीतल्या सैल सॉकेटमध्ये होती. अर्धी स्क्रीन कीबोर्डनंच व्यापलेली. कंस हवा की कीबोर्डचं दुसरं पान उघडायचं. अवतरणचिन्हं टॅबलेट आपणहून वाकडी करी आणि तेवढ्यानं कोड चालेना. मला यातलं काय कळतं? ती पुटपुटत होती, ते ऐकलेलं सांगतो.

मध्येच पिन निसटली.

"गेलं! सगळं गेलं!"

तिनं येऊन पिन खोचली आणि पहिल्यापासून लिहायला बसली. रडत होती की काय, पाठीवरून कळलं नाही.

तेव्हा बसलिंगप्पा भिंतीकडे कुशीवर वळले. सलाईन नसलेला हात लांबवून त्यांनी पिन अंगठ्यानं दाबून धरली आणि चादर वर ओढून घेतली.

"पोरीला हाक मारू का?" मी हळूच विचारलं.

"गप बसा पाव्हणं. पट्टा निसटला की दळण अर्धं राहतंय."

"अहो, पण तुम्हाला त्रास..."

"चार दिस झाले, नुसती सेवा करून घ्यायलोय. आज जरा माझंबी चालू द्या." दम खाऊन ते म्हणाले, "सांगू नका तिला."

मी मान हलवली.

मध्ये एकदा तिनं विचारलं, "अप्पा, पाणी देऊ?" ते न वळताच म्हणाले, "न्हाई."

"झालं, अप्पा! गेलं एकदाचं!" ती ओरडली. त्यांचा अंगठा सुटला. तिच्या मागे टॅबलेट विझला. तिनं पाहिलंही नाही. अप्पांना झोप लागली असेल म्हणून तिनं चादर सारखी केली आणि ती तोंड धुवायला गेली. दिवेलागणीला ते गेले, तसेच, भिंतीकडे तोंड करून.

निघताना तिनं माझा नंबर मागितला. मला फोनवर बोलायला सुचत नाही, म्हणून मी लातूरजवळच्या आमच्या मुरुडचा पत्ता दिला.

"शब्द दिलाय मी त्यांना," मी पार्वतीला म्हणालो.

"ज्याला दिला तो गेला. पोर जिती हाय."

मग बसलो. किती कागद फाडले, सांगत नाही. दवाखान्याचं वर्णन लिहिलं, खोडलं. सांत्वनाची वाक्यं लिहिली, ती पुस्तकी वाटली. शेवटी एवढंच उरलं: 'ते रागावले नव्हते. सॉकेट भिंतीत होतं. तुझी पिन त्यांनी धरून ठेवली होती.'

पाकिटाचा डिंक वाळलेला निघाला. टपालपेटीपर्यंत मी ते अंगठ्यानं दाबून नेलं. पेटीच्या तोंडाशी अंगठा काढायला जरा वेळ लागला.