खाऱ्या पाण्याने धुतलेला शिकंजा

मित्रांनो, मी फळं पिळायचा एक जुना शिकंजा आहे, निदान होतो. लाकडी चौकट, मध्ये लोखंडी मळसूत्र. ते फिरवलं की फळी खाली उतरायची आणि रस गळायचा.

विलायतेत मला सफरचंदांसाठी घडवलं. तिथे त्या रसाची सायडर नावाची हलकी दारू करतात. रेल्वेच्या एका साहेबाने मला कल्याणला आणलं. सफरचंदं आली एकदाच, पेटीभर, तीही अर्धी नासलेली. पाच वर्षं मी पडवीत नुसता उभा! तरी साहेब दर महिन्याला मळसूत्राला चरबी लावी. त्याची बदली झाली आणि मी त्याच्या माळ्याच्या, कोपर गावच्या गुणाजीच्या, घरी आलो.

ते घर मिठागरावर राबणारं. गुणाजीची बायको बायजा मला पाहून हरखली. गेल्या पावसाळ्यात हगवणीने गावातली पोरं लोळली होती, आणि त्यावर औषध म्हणून तिने हातांनी पिळून, रस आंबवून केलेला जांभळाचा शिरका चार दिवसांत संपला होता.

"औंदा रांजणभर करीन," ती म्हणाली.

तिचा दीर भिवा हसला. "वयनी, सायबाची दारूची भट्टी पुजतेस काय? फळ्या दे मला. बांधातल्या पाणी अडवायच्या उघाडीचं दार मोडलंय, खाडी मिठागरात शिरंल."

"जांभळं पिकू दे, भावजी. रस नाय निघाला तर खुशाल ने."

मी निर्धास्त होतो. पण बायजाने मळसूत्राला बोट लावून वास घेतला. "अगो बाय, चरबी! गाईची का डुकराची? नि यात औषध करू?"

तिने ती राखेने घासून काढली. मग रोज मला मिठागराच्या पाण्याने धुऊ लागली. त्यांची अवजारं सगळी लाकडाची. खाऱ्या पाण्याने लाकडाला कीड लागत नाही. मी मात्र आतून गंजत होतो, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं!

जांभळं पिकली. गावच्या बायकांनी टोपल्या आणून ओतल्या. बायजाने दांडा धरला. हलेना. गुणाजी लागला, शेवटी भिवाही लागला. दांडा वाकला, मळसूत्र तसूभर फिरलं नाही. फुटलेल्या जांभळांवर माशा घोंगावू लागल्या.

"रोज धुतला याला, भावजी. एक दिस चुकले नाय."

भिवा या वेळी हसला नाही.

"ने फळ्या," ती म्हणाली, आणि फडक्यात जांभळं बांधून हातांनीच पिळायला बसली. दिवेलागणीपर्यंत जेमतेम एक तांब्या भरला.

मित्रांनो, दोन थेंब खोबरेल पुरलं असतं. चरबी कशासाठी, हे साहेबाने सांगितलं नाही, गुणाजीने विचारलं नाही. वस्तू घरी आणाल तेव्हा तिला काय सोसत नाही, ते आधी विचारून घ्या. कोणी हेळसांड केली असती, तर त्याच्यावर चिडलो असतो. मायेने धुणाऱ्या हातांवर कसा चिडू?