चिंचेनं घासलेले चाकू

येलहंका न्यू टाउनमधल्या उपेंद्रराव टेंब्यांच्या घरात चाकूंनी भरलेलं एक अख्खं कपाट होतं, आणि तरीही त्या घरात कांदा विळीवरच चिरला जायचा. पाहुण्यांना यात मोठा विनोद वाटायचा. अलकाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तो कधीच वाटला नाही.

कपाटातले चाकू कापण्यासाठी नव्हतेच, ते बघण्यासाठी होते. संध्याकाळचा चहा झाला की उपेंद्रराव एकेक चाकू बाहेर काढायचे, उघडायचे, मिटायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. माणूस एरवी अगदी साधा. सरकारी संशोधन संस्थेत धातूंवर काम करण्यात आयुष्य गेलेलं, निवृत्त झाल्यावरही इस्त्रीचा शर्ट घालून दूध आणायला जाणारा. झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारणारा. अशा माणसाला चाकूंचं वेड लागावं, याचं गल्लीत सगळ्यांना नवल होतं.

वेडाची सुरुवात वडिलांच्या चाकूपासून झाली. वडील मिरजेला शाळेत चित्रकला शिकवायचे आणि वर्गातल्या सगळ्या पोरांच्या पेन्सिली एका घडीच्या चाकूनं तासून द्यायचे. उपेंद्रराव नोकरीसाठी बंगळूरला निघाले तेव्हा स्टेशनवर वडिलांनी तो चाकू खिशातून काढला आणि बाकावर ठेवला. हातात दिला नाही. हातात चाकू दिला की भांडण होतं म्हणतात, आणि वडिलांना मुलाशी भांडायचं नव्हतं. "उचल," एवढंच म्हणाले. मुलानं उचलला. गाडी सुटली.

तेव्हाचं बंगळूर वेगळं होतं, हे उपेंद्रराव कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. घरात पंखा नसायचा आणि त्याची कुणाला आठवणही व्हायची नाही. हेब्बाळला तळं होतं, आणि तळ्याकाठी तळ्याखेरीज काही नव्हतं. रविवारी सकाळी ते स्कूटर काढून शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, जायचे आणि जुन्या कुलपांच्या, घड्याळांच्या ढिगात तासन्‌तास उकिडवे बसायचे. तिथं त्यांना खलाशाचा जाडजूड चाकू मिळाला. लालबागेतल्या एका म्हाताऱ्या माळ्यानं निवृत्त होताना आपला कलमं बांधायचा चाकू त्यांना दिला, तो का दिला हे दोघांनाही सांगता आलं नसतं. मडिकेरीहून चांदीच्या मुठीची पीचेकत्ती आली. कोडगूतले, म्हणजे कूर्गमधले, पुरुष लग्नात ती कमरेला खोचतात. ती घेऊन येताना उपेंद्रराव बसमध्ये नवरदेवासारखे ताठ बसले होते, असं अलकाताई सांगायच्या.

या चाकूंचं सगळं देखणेपण त्यांच्या काळेपणात होतं. जुनं पोलाद वापरात राहिलं की त्यावर हळूहळू एक काळसर, निळसर झाक चढते. शौकीन लोक तिला पॅटिना म्हणतात. ती पुढे गंजापासून पात्याला जपते, आणि जाणत्या माणसाला तिच्यात ज्यांनी तो चाकू वापरला त्यांचे हात दिसतात. वडिलांच्या चाकूवर, अंगठा टेकायचा तिथं, जांभळट निळा डाग होता. उपेंद्ररावांच्या दृष्टीनं वडिलांचा तोच खरा फोटो.

अलकाताईंचा या सगळ्याला विरोध होता असं नाही, पण एका बाबतीत त्या हटून बसायच्या. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. विळी, मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, पुढे मुलीचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. कपाटातल्या चाकूंना मात्र नाही.

"ज्यानं जन्मात काम केलं नाही, त्याची पूजा कसली करायची?" त्या म्हणायच्या.

"अगं, मी पेन्शन खातो. मलाही ओवाळू नकोस मग," उपेंद्रराव म्हणायचे.

"तुम्ही भांडी तरी लावता."

लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी दर वर्षी हेच भांडण, याच शब्दांत, आणि दोघंही त्याची वाट बघायचे.

यंदा ते झालं नाही. नवरात्राच्या तोंडावर उपेंद्ररावांच्या छातीत दुखलं, आणि घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. मुलगी, ईरा, पुण्याहून धावत आली. दसरा दवाखान्यातच गेला. घरी आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण पायातल्या चपला काढायच्या आधीच त्यांची नजर कपाटाकडे गेली.

"थांबा," अलकाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "तुम्ही बसा. मी दाखवते."

त्यांनी कपाट उघडलं.

सगळे चाकू लखलखत होते. खलाशाचा, माळ्याचा, पीचेकत्तीचं पातं, सगळे एकजात पांढरेशुभ्र, कालच दुकानातून आणल्यासारखे. प्रत्येकाच्या मुठीवर कुंकवाचं बोट होतं.

"ऑपरेशनला तुम्हाला आत नेलं ना," अलकाताई सांगू लागल्या, "तेव्हा मी बाहेर बसून काय काय बोलले मला आठवत नाही. पण एक आठवतंय. म्हटलं, आज एका चाकूच्याच भरवशावर माझा माणूस आत आहे. तो सुखरूप बाहेर आला, तर त्याच्या सगळ्या चाकूंची पूजा करीन. मग खंडेनवमीला ईरा तुमच्यापाशी होती, मी घरी आले. आता कुंकू लावायचं ते काय अशा काळ्याकुट्ट पात्यांना? चिंच भिजवली, रांगोळी घेतली, तारेची घासणी घेतली आणि बसले. हात सोलवटले, पण सोडलं नाही एकालाही. मग खोबरेल लावून ठेवले. कसे झालेत?"

आयुष्यभर त्यांनी देवाची तांब्याची भांडी अशीच घासली होती. पूजेला मळकं काही ठेवायचं नाही, हे त्यांना आईनं शिकवलं होतं. यात चूक कुठं होती?

उपेंद्ररावांनी वडिलांचा चाकू उचलला. उघडला. अंगठ्याच्या जागी बारीक ओरखडे होते, बाकी काही नव्हतं. त्यांना इतका राग आला की टाके दुखले. चाळीस वर्षांत कधी हात लावला नाहीस, आणि लावलास तो असा, असं अगदी ओठांवर आलं. त्यांनी वर पाहिलं. अलकाताईंची बोटं अजून लाल होती, आणि आठ-पंधरा दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या.

"छान झालेत," ते म्हणाले. "नवे वाटतायत."

तेव्हापासून त्यांना एकच काळजी लागली. हिला हे कधी कळता कामा नये. पण अलकाताईंचा उत्साह असा की भेटीला येईल त्याला त्या कपाट उघडून दाखवायच्या. समोरच्या अनुसूया अक्का आल्या, "तुंबा चन्नागिदे!" म्हणून तोंडभर कौतुक करून गेल्या. या लोकांची भीती नव्हती. भीती होती अश्लेषाची.

अश्लेषा बेळगावची, हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरीला. चाकूंच्या शौकिनांचा फोनवर जो ग्रूप होता, त्यात ती त्यांना भेटली होती आणि आता काका-काकू म्हणत घरची झाली होती. तिनं भेटायला येऊ का विचारलं, तेव्हा उपेंद्ररावांनी पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. पुन्हा विचारलं, तेव्हा झोपलोय म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. रविवारी सकाळी कुंद्याचा डबा घेऊन दारात उभी राहिली.

"काका, हार्ट पेशंटला कुंदा चालत नाही, माहीत आहे मला. हा काकूंसाठी आणलाय. तुम्ही नुसता वास घ्या," असं म्हणत ती आत आली, आणि सवयीनं थेट कपाटापाशी गेली. उपेंद्रराव खुर्चीतून उठेपर्यंत कपाट उघडलंही होतं.

"अय्यो!" अश्लेषा ओरडली. "हे काय केलासा ओ काका? कोण घासलंय हे? सगळं घालवून टाकलंय की! सत्यानाश झालाय नुसता!"

अलकाताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"मी घासले," उपेंद्रराव म्हणाले.

"तुम्ही? ग्रूपवर कुणी नुसतं पॉलिश म्हटलं, तरी खवळताय की तुम्ही!"

"दवाखान्यातून आलो, रिकामा बसलो होतो. म्हातारपणी बुद्धी फिरते माणसाची. फिरली."

अश्लेषानं पीचेकत्ती हातात घेतली, परत ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. "व्हिनेगरात स्वल्प वेळ बुडवून बघूया काय? काळं होतंय त्यानं."

"नको. ते काजळानं मिशी काढल्यासारखं होईल."

"मग रोज वापरायला लागतंय बगा. पेरू, लिंबू, असं तुरट-आंबट कापायचं. तरी पहिल्यासारखं व्हायला दहा-पंधरा वर्षं तरी जातील." हे बोलून गेल्यावर तिला आपण कुणासमोर काय बोललो ते कळलं. हवाई दलाचं एक विमान घरावरून गेलं. मग अलकाताईंनी चहा दिला, कुंदा आत नेऊन ठेवला, तिला जेवायला थांबायचा आग्रहही केला. ती थांबली नाही.

ती गेल्यावर अलकाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. भांड्यांचा आवाजही येईना. उपेंद्रराव भिंतीला धरत आत गेले. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"खोटं बोलायला कधीपासून शिकलात?"

"आत्ताच. जमलं का?"

"नाही जमलं." त्या वळल्या. "मला का नाही सांगितलंत? मी वेड्यासारखी गावाला दाखवत सुटले."

"काय सांगणार होतो? तू नवस फेडलास."

"फार राग आला होता?"

उपेंद्ररावांना वाटलं, आता पुन्हा खोटं बोलण्यात अर्थ नाही. "फार," ते म्हणाले. "बाबांच्या अंगठ्याचा डाग शोधत बसायचो रोज, तू आंघोळीला गेलीस की. कदाचित थोडा राहिला असेल म्हणून. नाही राहिलेला."

अलकाताई पदर तोंडाला लावून रडल्या. लग्नात रडल्या नव्हत्या इतक्या रडल्या. उपेंद्रराव त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांना वाईट वाटतच होतं. बाबांसाठी वाटत होतं, आणि त्या सगळ्या रविवारांसाठीही. पण हिनं ती पाती घासली तेव्हा हिच्या पोटात केवढं भय असेल, हेही त्यांना आता दिसत होतं, आणि त्यापुढे राग टिकत नव्हता.

"जाऊ दे," ते म्हणाले. "चाकूच आहेत."

"चाकूच आहेत म्हणे!" अलकाताईंनी डोळे पुसले. त्यांना एकदम चीड आली होती, कुणावर ते त्यांनाच ठाऊक. त्या बाहेर गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा हातात सासऱ्यांचा चाकू होता. फळांच्या टोपलीतून त्यांनी एक कडक, कच्चट पेरू काढला, धुतला, ताटलीत ठेवला. चाकू शेजारी ठेवला आणि ताटली नवऱ्यापुढे सरकवली.

"कापा."

"आत्ता?"

"आत्ता. आणि उद्या. आणि परवा."

"अलका, दहा-पंधरा वर्षं म्हणाली ती. माझ्या छातीचे टाके अजून ओले आहेत."

"ऐकलं मी. लागू देत तेवढी," अलकाताई म्हणाल्या. "मला तुम्ही तेवढी वर्षं हवे आहात. त्यातलं एकही कमी केलेलं मी ऐकून घ्यायची नाही."